घोरण्यावरची साधने : निवड आणि वापर

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागतात. घोरण्याचा आवाज तो हाच. अडथळा नाकात आहे, जिभेच्या मुळाशी की टाळूपाशी, हे कळल्याखेरीज साधन विकत घेऊ नये. त्यासाठी दोन-तीन रात्री घरच्या कोणी मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि तोंड उघडे होते का, झोप पाठीवर होती की कुशीवर, हेही टिपून ठेवावे. मध्येच 10 सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होत असेल, किंवा दिवसा दुचाकीवर डुलकी येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्यावी.

केवळ पाठीवर झोपल्यावर घोरणाऱ्यासाठी बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवणे पुरते. उताणे होताच चेंडू टोचतो आणि माणूस कुशीवर वळतो. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, गोधडी टाकून झोपणाऱ्यांनाही हे जमते. नाकपट्टीचा, म्हणजे नाकावर बाहेरून चिकटवायच्या पट्टीचा, उपयोग मात्र नाक चोंदलेल्यांनाच होतो. ती हाडावर न लावता नाकपुड्यांच्या वरच्या मऊ भागावर लावावी आणि त्याआधी चेहरा धुऊन कोरडा करावा, नाहीतर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील घामाने ती मध्यरात्रीच सुटते.

खालचा जबडा किंचित पुढे धरणारे साधन जिभेचा अडथळा कमी करते. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे तयार साधन स्वस्त पडते. तरी दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेलेच मला योग्य वाटते, कारण जबडा एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने पुढे आणावा लागतो. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. हे सहसा काही दिवसांत ओसरते. दात हलत असतील, कवळी असेल किंवा गुटखा-सुपारीमुळे तोंड पुरते उघडत नसेल, तर हे साधन आपल्या मनाने लावू नये. तोंड न उघडण्याची तर स्वतंत्र तपासणीच हवी.

झोपेत श्वास थांबत असल्याचे निदान झाल्यास डॉक्टर सीपॅप यंत्र सुचवतात. ते मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवते. हा दाब तपासणीवरून ठरतो, म्हणून शेजाऱ्याचे यंत्र उसने आणून लावू नये. यंत्राच्या हवेला ओलावा देणाऱ्या आर्द्रतेच्या भांड्यात बोअरचे पाणी घातल्यास क्षारांचे पांढरे थर बसतात. औषधाच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि उरलेले रोज सकाळी ओतून भांडे कोरडे करावे. धूळ फार असल्याने यंत्रात शिरणारी हवा गाळणारी स्पंजची गाळणी आठवड्याला धुवावी. पातळ पांढरी गाळणी धुवायची नसते, ती बदलायची असते. वीज जाऊन यंत्र बंद पडल्यास मास्क काढून ठेवावा. इन्व्हर्टरवर चालवताना आर्द्रतेची तापवणी बंद केल्यास बॅटरी जास्त वेळ टिकते. मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा, कारण चेहऱ्यावरचे तेल साचले की कडेने हवा सुटते. दाट मिशांमुळेही तसेच होते; अशा वेळी पट्टे आवळत बसण्यापेक्षा नाकपुड्यांत टेकणारा छोटा मास्क मागून पाहावा.