पोकरवर घर चालवताय? मग या चुका टाळा

घणसोली, ऐरोली, वागळे इस्टेट या पट्ट्यातील आयटी कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या अनेक तरुणांनी गेल्या काही वर्षांत पोकर हा जोडधंदा म्हणून सुरू केला आणि त्यांतल्या थोड्यांनी पुढे नोकरीही सोडली. गणपतीच्या जागरणात झब्बू आणि मेंढीकोट खेळत वाढलेल्या आपल्या लोकांना पत्त्यांचे वावडे नाही. पत्त्यांच्या पैशावर घर चालवण्याचा हिशेब मात्र आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे त्यांतल्या बहुतेक चुका पाने टाकण्यातल्या नाहीत. चांगला खेळणारा माणूसही बुडतो, कारण तो पोकरचा पैसा पगारासारखा मोजतो आणि पगारासारखाच खर्च करतो.

कुठे खेळायचे, याविषयीच्या गैरसमजुती

ऑनलाइन पोकरवर उपजीविका करण्याचा मार्ग भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. संसदेने २१ ऑगस्टला मंजूर केलेल्या आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा असा भेद न करता, पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ पुरवण्यास मनाई केली. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा नाही, आणि पहिली मोठी चूक नेमकी येथे होते: शिक्षा नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढून लोक एजंटामार्फत परदेशी साइटवर खेळू लागतात. एजंट दर वेळी वेगळ्या व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे पाठवायला सांगतो आणि जिंकलेले पैसेही अशाच अनोळखी खात्यांतून येतात. त्यांपैकी एखाद्या खात्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात सायबर फसवणुकीची तक्रार झाली, की आपले खातेही गोठवले जाते आणि गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी, विजेचे बिल हे सारे एका सकाळी अडकून पडते. असा निरोप बँकेकडून आला, तर आधी कोणत्या राज्यातील कोणत्या पोलीस ठाण्याची आणि कोणत्या तक्रार क्रमांकाची नोंद आहे हे बँकेकडून लेखी घ्यावे आणि वकिलाशी बोलल्याशिवाय कोणालाही ‘तडजोडीचे’ पैसे देऊ नयेत.

दुसरी गैरसमजूत घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चालणाऱ्या खेळांविषयी आहे. मित्रांनी मित्राच्या घरी खेळणे आणि यजमानाने प्रत्येक डावातून नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, कापणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार जुगाराचे घर चालवणाऱ्याबरोबर तेथे सापडलेला खेळाडूही अडचणीत येतो. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, या बचावावर फार विसंबू नये. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या बाजूने कौल दिला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवले. राज्यात कॅसिनो येतील या आशेवर बसण्यातही अर्थ नाही, कारण १९७६ चा, कधीही अमलात न आलेला कॅसिनो कायदा राज्याने २०२३ मध्ये रद्द केला.

उरतो तो गोवा. ठाण्याहून किंवा पनवेलहून रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी थिवीला उतरायचे आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर खेळायचे, हा आता अनेकांचा रिवाज झाला आहे. तेथेही एक गमतीशीर चूक नेहमी दिसते. ठाण्याहून एकत्र गेलेली चार-पाच मंडळी एकाच टेबलावर बसतात. एकमेकांचा खेळ पाठ असलेले हे लोक रात्रभर एकमेकांचेच पैसे फिरवतात आणि त्या पैशातून दर डावाला कॅसिनोचा रेक, म्हणजे कॅसिनोचा हिस्सा, तेवढा कापला जातो. बरोबर जाण्याने टॅक्सीचे पैसे वाचतात, हे खरे. टेबल मात्र वेगळे निवडावे.

महिन्याचा हिशेब

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही आहे आणि ती आकड्यांशिवाय समजत नाही.

समजा एक खेळाडू १०० आणि २०० रुपयांच्या ब्लाइंडचा (डाव सुरू होण्यापूर्वी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा; त्यांतली मोठी ती बिग ब्लाइंड) खेळ खेळतो, म्हणजे त्याचा नेहमीचा बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) २०,००० रुपयांचा आहे. तो बऱ्यापैकी खेळतो आणि रेक वजा जाता तासाला सरासरी ३ बिग ब्लाइंड, म्हणजे ६०० रुपये मिळवतो. महिन्याला १०० तास खेळले तर सरासरी ६०,००० रुपये होतात आणि योगायोगाने त्याच्या घराचा खर्चही तेवढाच आहे. कागदावर सारे जुळते.

आता दुसरी बाजू पाहावी. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या सर्वांत प्रचलित प्रकारात, एका तासाच्या निकालाचे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती हेलकावतो त्याचे माप) साधारण ४५ ते ५० बिग ब्लाइंड असते, कारण प्रत्यक्ष टेबलावर तासाभरात जेमतेम २५ ते ३० डाव होतात आणि त्यातला एखादाच डाव पूर्ण स्टॅक (समोरची सगळी रक्कम) हलवून टाकतो. याच हिशेबाने १०० तासांचे प्रमाण विचलन ९५,००० रुपयांच्या आसपास येते. सरासरी ६०,००० आणि हेलकावा ९५,०००! याचा अर्थ असा की हा खेळाडू खरोखरच जिंकणारा असूनही साधारण चार महिन्यांतला एक महिना तोट्यात जाईल आणि सहांतल्या एका महिन्यात तो तोटा ३५,००० रुपयांहून मोठा असेल. लागोपाठ दोन-तीन महिने वाईट जाणे हाही अपवाद मानू नये. घरी मात्र पाच तारखेला हप्ता जायचाच असतो.

येथे बहुतेक जण खेळाच्या भांडवलातून घरखर्च उचलतात. बियाण्यासाठी राखलेले धान्य दळून खाण्यासारखाच हा प्रकार आहे, पण त्यातील नुकसान लगेच दिसत नाही. सरासरी कमाई जेवढी आहे तेवढीच दरमहा घरी गेली, तर भांडवल कधीही वाढत नाही; ते केवळ वर-खाली होत राहते आणि न वाढणारी, नुसती हेलकावे खाणारी रक्कम कधी ना कधी शून्याला टेकते, हा गणिताचा नियम आहे. त्यात गोव्याचा प्रवास, पणजीतली खोली आणि जेवण यांचे महिन्याला २५,००० रुपये धरले, तर ६ लाखांचे भांडवल, नशीब अगदी सरासरी राहिले तरी, दोन वर्षांत संपते. हा खेळाडू तरीही स्वतःला शेवटपर्यंत ‘जिंकणारा’ म्हणवून घेईल आणि टेबलापुरते ते खोटेही नसेल.

यावर उपाय आहे, पण तो आवडण्यासारखा नाही. खेळाचे भांडवल आणि घराचा पैसा यांची बँक खातीच वेगळी असावीत. कॅश गेमसाठी (वरच्या उदाहरणासारखा, थेट पैशांचा खेळ) निदान ३० बाय-इन आणि टूर्नामेंटसाठी (प्रवेश शुल्क भरून खेळायची स्पर्धा) शंभराहून अधिक बाय-इन हाताशी नसतील, तर त्या पातळीवर उपजीविकेसाठी खेळू नये. शिवाय घराचा किमान नऊ महिन्यांचा खर्च बाजूला असावा आणि घरी दरमहा ठरावीक रक्कम जावी, मग तो महिना कसाही गेलेला असो. भांडवल एक तृतीयांशाने घटले, की कमी ब्लाइंडच्या खेळात उतरावे; ‘आपण त्या खालच्या टेबलावर बसायचे?’ हा प्रश्न येथे सर्वांत महाग पडतो. वर धरलेल्या उदाहरणात हे सारे मिळून ११ ते १२ लाख रुपये होतात. एवढी रक्कम नसेल, तर नोकरी सांभाळून खेळणे हाच व्यवहार आहे, आणि माझ्या मते ठाण्या-नवी मुंबईतल्या दहांतल्या नऊ जणांनी तेच करावे.

आणखी एक गोष्ट. आपण तासाला ३ बिग ब्लाइंड मिळवतो, हे तरी कशावरून ठरवायचे? वरचेच आकडे घेतले, तर हा निष्कर्ष बऱ्यापैकी खात्रीने काढायला हजारेक तासांची नोंद लागते. तीन महिने चांगले गेले म्हणून राजीनामा देणारा माणूस नाणे काही वेळा उडवून ते एका बाजूला झुकते असे जाहीर करत असतो. ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळवले, ही गोष्ट प्रत्येक नवख्याला ठाऊक असते; त्या स्पर्धेत एकूण ८३९ जण उतरले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

कराचा फटका

पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, म्हणजे ३१.२ टक्के. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही आणि त्यातून खर्चही वजा करता येत नाही. ‘माझा हा व्यवसायच आहे’ असे म्हणून विमानाचे भाडे आणि हॉटेलची बिले जोडणाऱ्यांना नोटीस आल्यावर हे कळते.

टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी हा नियम किती कठोर आहे, ते पाहावे. एखाद्याने ५०,००० रुपये प्रवेश शुल्काच्या दहा स्पर्धा खेळल्या, नऊ गमावल्या आणि एकीत ६ लाख मिळवले. त्याच्या मते त्याला १ लाखाचा नफा झाला. कर मात्र हरलेल्या नऊ स्पर्धांकडे पाहत नाही. ६ लाखांवर १,८७,२०० रुपये कर गेल्यावर हातात ४,१२,८०० उरतात आणि घातले होते ५ लाख. म्हणजे जिंकूनही ८७,२०० रुपयांचा तोटा. टूर्नामेंटवर उपजीविका करायची तर केवळ इतरांपेक्षा सरस असून भागत नाही, या कपातीनंतरही शिल्लक राहील इतके सरस असावे लागते, आणि तसे खेळाडू फार थोडे आहेत.

विवरणपत्र भरताना सवयीने आयटीआर-१ निवडणे हीदेखील नेहमीची चूक. अशा उत्पन्नासाठी तो फॉर्म चालत नाही. कापलेल्या टीडीएसची नोंद फॉर्म २६एएसमध्ये जुळते का, ते आधी पाहावे. गृहकर्ज लागणार असेल, तर ते नोकरी सोडण्यापूर्वी मंजूर करून घ्यावे, कारण बँकेचा अधिकारी पोकरची कमाई उत्पन्न म्हणून धरेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

‘आज रिकव्हर करूनच उठतो’

नेरुळच्या एका खेळाडूची वही पाहण्यात आली. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वहीत तारीख आणि रक्कम एवढे दोनच रकाने होते. बोलता बोलता त्याने तिकिटे आणि मोबाइलवरचे मेसेज पाहून प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने तास लिहिले, तेव्हा खरे दुखणे पुढे आले: जिंकलेल्या बैठका दोन-तीन तासांच्या आणि हरलेल्या दहा-अकरा तासांच्या होत्या. टेबलावर कच्चे खेळाडू असताना, स्वतःचे डोके शांत असताना हा गृहस्थ ‘आजचे झाले’ म्हणून उठत होता आणि पहाटे चार वाजता, कच्चे लोक केव्हाच निघून गेल्यावर, मुरलेल्या मंडळींसमोर तो गेलेले पैसे परत आणायला बसत होता. त्याच्या खेळात फारसा दोष नव्हता. वेळ मात्र नेमकी उलटी होती.

म्हणून वहीत तास, ब्लाइंड, बसण्याची आणि उठण्याची वेळ, प्रवासखर्च आणि उठण्याचे कारण हे रकाने असलेच पाहिजेत. ठरावीक तोटा झाला की उठावे, या नियमाला गणिताचा फारसा आधार नाही, कारण पत्त्यांना मागचा तोटा ठाऊक नसतो. पण तीन बाय-इन गमावल्यावर आपण शांत आहोत असे ज्याला वाटते, त्याचे ते वाटणे बहुधा चुकीचे असते, आणि तेवढ्यासाठी तो नियम पाळावा.

पडता काळ आला, तर दोष नशिबाचा की खेळाचा, हे तपासता येते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पत्ते उघडण्यापूर्वी ऑल-इन गेली, म्हणजे सगळी रक्कम लावली गेली, तरी शंभरांतून साधारण अठरा वेळा हरतेच. असे डाव बाजूला काढावेत. उरलेल्या तोट्यात रिव्हरवर (शेवटचे पान उघडल्यावर) ‘बघूया तरी’ म्हणून केलेले कॉल (समोरच्याने लावली तेवढी रक्कम लावणे) आणि ब्लाइंडमधून कमकुवत पानांवर लढवलेले डाव किती आहेत, ते मोजावे. बहुतेकांची गळती तेथेच सापडते. ते डाव आपल्याहून चांगल्या खेळाडूला निकाल न सांगता दाखवावेत, कारण निकाल कळला की सल्ला देणाराही त्या बाजूला झुकतो.

उधारी आणि घर

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड किंवा मित्राची उधारी यांवर भांडवल उभे करू नये, एवढे सांगणे पुरेसे आहे. कोणी बॅकर पैसे लावत असेल, तर नफ्याची वाटणी कशी, आधीचा तोटा पुढे ओढला जाणार का आणि करार मोडताना त्या तोट्याचे काय, हे लिहून घ्यावे. पैजेचे करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल असतात. त्यामुळे वाद झाला, तर हा कागद न्यायालयात टिकण्याची शक्यता कमी, पण दोन माणसांची आठवण एकसारखी राहण्यासाठी तो उपयोगी पडतो.

घरी ‘शेअर मार्केट करतो’ असे सांगणारे बरेच आहेत. पैसे येत असतात तोवर ते चालून जाते. पहिल्या वाईट तिमाहीत आईचे दागिने किंवा पत्नीची ठेव मोडायची वेळ येते आणि तेव्हा तोटा आणि खोटे या दोन गोष्टी एकाच वेळी उघड होतात. घरातल्या एका व्यक्तीला तरी वही दर महिन्याला दाखवावी आणि भांडवल किती उरले की खेळ थांबवायचा, तो आकडा तिच्यासमोर ठरवावा. पीएफ थांबतो, कंपनीचा आरोग्य विमा जातो, याची व्यवस्थाही नोकरी सोडण्यापूर्वीच लावून ठेवावी.

ठरलेला आकडा ओलांडूनही खेळ थांबत नसेल, रक्कम लपवली जात असेल किंवा न खेळलेल्या दिवशी चिडचिड होत असेल, तर हा प्रश्न पोकरच्या डावपेचांचा राहिलेला नसतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली आयपीएच ही संस्था मानसिक आरोग्यासाठी काम करते, आणि सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. खेळणारा तयार नसेल, तर घरच्यांनी आधी फोन केला तरी चालतो.