पाऊस ओसरतोय: कात्री कुठे चालवायची, कुठे आवरायची

पाऊस संपत आला की बागेतली झुडपं माजलेली दिसतात आणि हात कात्रीसाठी शिवशिवतात. एकाच दिवशी सगळी बाग ‘सारखी’ करून घेण्याचा मोह होतो. पुढे काही झुडपं लदबदून फुलतात, काही नुसती पानंच काढत राहतात. मग खताला दोष दिला जातो. खरं तर अशा वेळी बहुधा कळ्यांची फांदीच कापली गेलेली असते.

छाटणीआधी एवढंच पाहायचं, की झुडूप फुलतं कोणत्या काडीवर. गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल, मधुमालती यांना नव्या फुटीवर फुलं येतात. छाटलं की फुटवा येतो आणि फुटव्याला कळी. अनंत, अझेलिया आणि मोठ्या गोल गुच्छांचा हायड्रेंजिया यांचं गणित उलटं आहे. पुढच्या बहराच्या कळ्या ती आधीच्या हंगामातल्या काडीवर महिनोन्‌महिने आधी धरतात. त्यांना कात्री लावायची ती बहर संपल्यावर लगेच. चाफ्याचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो, म्हणून त्याचे शेंडे नुसतं रूप आणण्यासाठी कापू नयेत. झुडूप अनोळखी असेल तर गेल्या बहराचे वाळके देठ शोधा. ते कोवळ्या हिरव्या काडीवर आहेत की जुन्या तपकिरी काडीवर, हे पाहिलं की उत्तर मिळतं. तरीही कळलं नाही तर यंदा फक्त वाळलेलं काढा आणि वर्षभर पाहत राहा.

आत्ता सगळ्यात निकडीचं काम गुलाबाचं. पाऊस पूर्ण थांबून हवा कोरडी व्हायला लागली की छाटणी करावी. ओल्या हवेत कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत वाळत जाते. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलं येतात. फुलं विशिष्ट दिवसांत हवी असतील तर तिथून मागे मोजून तारीख ठरवा. विक्रीसाठी लागवड असेल तर सगळा प्लॉट एकदम न छाटता आठवड्याच्या अंतराने भाग पाडून छाटावा, म्हणजे फूल एकदम येऊन अंगावर पडत नाही.

छाटताना आधी रोगट, वाळलेल्या आणि आत वळून एकमेकींना घासणाऱ्या काड्या बुडापासून कापून काढा. मग चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या निम्म्यापर्यंत आणा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (काडीवर कोंब फुटायच्या जागेच्या) वर, अर्धा सेंटीमीटर सोडून, थोडा तिरका घ्यायचा. डोळ्याला चिकटून घेतला तर डोळा सुकतो, फार वर घेतला तर उरलेलं थोटूक वाळून खाली मर येते. कलमाच्या जोडाखालून खुंटाची (ज्या झाडावर कलम बांधलंय त्याची) फूट निघाली असेल तर ती नुसती कापू नका, माती बाजूला करून मुळाशी धरून ओरबाडून काढा. कापली तर एकाच्या चार होतात.

कापलेल्या जाड तोंडांना बोर्डो पेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी. लोखंडी डब्यात करू नका, प्लास्टिकची बादली घ्या. मुळं उघडी करून झाडाला काही दिवस ताण देण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. माझ्या मते ती सोडून द्यावी. त्यात पोसणारी बारीक मुळं तुटतात. वरची माती हलकी चाळवणं, कुजलेलं शेणखत आणि वाफशावर (माती ओलसर पण चिखल नाही अशा वेळी) पाणी एवढं पुरतं.

मोगऱ्याला मात्र आत्ता हात लावू नका. त्याची छाटणी थंडीत. आधी पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची आणि मग जमिनीपासून ४५ ते ५० सेंटीमीटरवर कापायचं. ऊन वाढू लागलं की खत-पाणी सुरू करा, नव्या फुटीवर कळ्या धरतात. हा ताण दिला नाही तर मोगरा हिरवागार राहतो आणि फूल तुरळक येतं. कुंद मोगऱ्याचाच भाऊबंद, पण तो थंडीत फुलतो. त्यामुळे आत्ता कापणं म्हणजे बहर घालवणं.

बोगनवेलीची तक्रार नेहमी एकच: वेल वाढते, रंग येत नाही. पाणी आणि नत्र जास्त झालं, की असं होतं. मुळं मुरली असतील तर वरची माती चांगली सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, युरिया बंद करा आणि किमान सहा तास थेट ऊन मिळेल असं पाहा. सावलीतल्या बोगनवेलीला कोणतंही खत कामाचं नाही.

शेवंती आणि पॉइन्सेटिया रात्र लांबली की कळी धरतात. अंगणातला दिवा रात्रभर त्यांच्यावर पडत असेल तर कळी लांबणीवर पडते किंवा येतच नाही, म्हणून कुंडी दिव्याच्या उजेडातून हलवा. व्यावसायिक लागवडीत हेच उलट वापरतात, रात्री दिवे लावून शेवंतीचं फूल हवं तेवढं लांबवतात. शेवंतीचे शेंडे आता खुडायचं थांबवा, कळीची वेळ जवळ आली आहे.

एक्झोरा आणि अनंत यांची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. अशा जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तरी ते लगेच अडकून पडतं. त्यापेक्षा चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) द्या, किंवा लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा. पाणी जड असेल तर कुंडीतली झाडं आधी पिवळी पडतात.

कोरडे दिवस आणि थंड, दमट रात्री सुरू झाल्या की गुलाबावर भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम पुरे, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना ते फवारू नका, पानं करपतात. कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की आधी मुंग्यांची वाट तोडा, त्याच त्याला नव्या फांदीवर नेतात. मग पाण्याचा जोरदार फवारा मारून कीड धुवून काढा आणि लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, पानांच्या खालून मारा.

कण्हेर छाटणार असाल तर हातमोजे घाला. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, जाळलं तर धूरही बाधतो. छाट जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी पुरून टाका.

छाटणीत निघालेल्या निरोगी काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, १५ ते २० सेंटीमीटरच्या, तीन-चार डोळे असलेल्या काड्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सपाट, वरचा तिरका ठेवा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन डोळे मातीत जातील अशा वाळूमिश्रित मातीत लावून सावलीत ठेवा. वर आठवड्यात कोंब दिसला तरी उपटून पाहू नका, तो काडीतल्या साठ्यावरही फुटतो. मुळं धरायला बोगनवेलीला जास्त वेळ लागतो, जास्वंदीला कमी. हलक्या ओढीला काडी अडखळायला लागली की मगच पिशवीत हलवा.