पोरांचं डोकं सारखं दुखतंय? स्पेशालिस्टकडे जायला उशीर होतो तो या चुकांमुळे

आमची पोट्टी ९ वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून पडदे ओढून अंधारात पडायची, कधी एखादी उलटी, दोन-अडीच तास झोप, आणि मग उठून थेट सायकल घेऊन खाली. आम्ही इथेच चुकलो. झोपून उठल्यावर बरी होते म्हणजे काही विशेष नाही असं धरून चाललो आणि त्यात दीड वर्ष गेलं. खरंतर झोपेने डोकं उतरणं हेच लहान मुलांच्या मायग्रेनमध्ये, म्हणजे अर्धशिशीत, नेहमी दिसतं.

दुसरं म्हणजे अर्धशिशी म्हणजे अर्धंच डोकं दुखणार ही समजूत. मुलांमध्ये बरेचदा दोन्ही बाजूंनी, कपाळावर दुखतं, आणि अटॅक दोन तासांतही संपू शकतो. म्हणून मग घरचेच म्हणतात, अभ्यास आला की हिचं डोकं दुखतं. असं लेकराला म्हणू नका हो, ते सांगणंच बंद करतं.

आणि नागपुरात तर सगळं उन्हावर ढकलायची सोय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन बाप्पा, पोरीले उन्हात फिरू देता?" ऊन, पाणी कमी पिणं, सकाळी उपाशीपोटी स्कूल व्हॅनमध्ये बसणं, अपुरी झोप यांनी अटॅक येतो हे खरंच आहे, पण डिसेंबरच्या थंडीतही दुखत असेल तर एकट्या उन्हाला दोष देऊन कसं चालेल? मग चष्मा बदलला, सायनस म्हणून औषधं झाली. डोळे तपासून घ्यायलाच हवेत, पण नंबर नीट असून दुखतंय तर तिथे अडकून राहू नका.

सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये, दुखायला लागल्या लागल्या दिलं तर चांगलं काम करतं, आम्ही मात्र "थांब, बघू जरा" करत उशिरा द्यायचो, मग उतरायचं नाही, मग परत द्यायचो. आणि महिन्यात किती दिवस दिली ते कुणीच मोजलं नाही, एकदा आजीने, एकदा मी, एकदा हिच्या बाबांनी. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस अशा साध्या गोळ्या काही महिने चालू राहिल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागतेय, तर डॉक्टरांना सांगायची वेळ झाली. घरातली मोठ्यांची डोकेदुखीची गोळी मोडून देऊ नका, त्यात ॲस्पिरिन असलं तर ते मुलांना घातक ठरू शकतं.

आधी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच जा, बऱ्याच मुलांचं तिथेच भागतं. पण उपचार घेऊनही फरक नाही, शाळा बुडतेय, आठवड्याला एक किंवा जास्त अटॅक आहेत, मूल अगदीच लहान आहे किंवा निदान पक्कं होत नाहीये, तर पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मुलांच्या मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी मागा, मागायला लाजू नका. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त डोकं दुखतंय ते तर क्रॉनिकच, म्हणजे जुनाट, तिथे वाट बघायचीच नाही. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर भरपूर आहेत, मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स या सरकारी दवाखान्यांमध्ये बालरोग विभाग आहेत, तिथून पुढचं विचारता येतं.

काही गोष्टींना मात्र अपॉइंटमेंटची वाट नको, सरळ इमर्जन्सी. अचानक आयुष्यात कधी नव्हतं एवढं दुखणं, ताप आणि मान आखडणं, फिट (झटका) येणं, एका बाजूची ताकद जाणं, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, डोक्याला मार लागल्यावर दुखणं. दुखण्याने पहाटे जाग येऊन उलट्या होणं किंवा आडवं पडल्यावर, खोकल्यावर जास्त दुखणं हेही त्याच दिवशी दाखवा.

एमआरआयचा हट्ट आम्हीही धरला होता. पण तपासणी नॉर्मल असेल, डोळ्याचा पडदा ठीक असेल आणि चित्र मायग्रेनचंच असेल तर बहुतेकदा त्याची गरज पडत नाही.

न्यूरोलॉजिस्टांनी पहिलाच प्रश्न विचारला, महिन्यात डोकं अजिबात दुखत नाही असे दिवस किती? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आता फ्रीजवर कॅलेंडर आहे, दुखलं की लाल टिकली, गोळी दिली की निळी, आणि टिकल्या लेक स्वतःच लावते.