खाजेच्या रात्रीची तयारी संध्याकाळपासून

इसब, सोरायसिस किंवा गजकर्ण असलेल्यांना रात्रीच खाज जास्त का सुटते, याचे कारण शरीरातच आहे. झोपेच्या वेळी त्वचेकडे रक्त अधिक वाहून ती गरम होते, दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे शरीरातले संप्रेरक त्याच सुमारास सर्वांत कमी असते आणि दिवसभर कामात गुंतलेले मनही रिकामे होते. म्हणून तयारी वावरातून परतल्याबरोबर सुरू करावी.

घामाचे व फवारणीचे कपडे दारातच उतरवून वेगळे ठेवावेत. धुऱ्यावरच्या गाजर गवताची ॲलर्जी असेल, तर त्याची भुकटी कपड्यांबरोबर खाटेपर्यंत येते आणि पापण्या, मान व कोपरांच्या लवणीत खाज उठवते. आंघोळ कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटांत उरकावी. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते खरे, पण कातडी अधिकच कोरडी पडते. अंग टिपून घ्यावे आणि इसब किंवा सोरायसिस असल्यास ते ओलसर असतानाच बिनवासाचे पेट्रोलियम जेली लावावे. कडुनिंबाचा वाटलेला पाला भेगाळलेल्या कातडीला झोंबतो, तो टाळलेला बरा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलर उपयोगी पडतो. पावसाळ्यात मात्र तो खोलीतला दमटपणा वाढवतो, घाम वाळत नाही आणि गजकर्ण फोफावते, म्हणून तेव्हा पंखाच बरा. नायलॉनच्या जुन्या साड्यांची गोधडी असेल, तर तिच्यावर धुतलेली सुती चादर अंथरावी. वीज गेली आणि खाज अनावर झाली, तर सुती फडके ओले करून, पिळून त्या जागी १० मिनिटे ठेवावे. नखे कापलेली असावीत.

घरातल्या दोघा-तिघांना रात्री बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व कमरेला खाज सुटत असेल, तर ती बहुधा खरूज असते. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेले औषध सांगितल्याप्रमाणे घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. एकट्यानेच औषध लावले, तर खरूज पुन्हा फिरून येते. दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे गजकर्णाला चार दिवस दबवतात आणि नंतर अधिक पसरवतात.

खाजेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. रात्रीच्या विजेवर ओलित करायला जायचे असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि तशी गोळी घेतलेल्या रात्री पंपाच्या मोटारीच्या पेटीला हात लावू नये.