माहिती अधिकारातील दुरुस्ती कशी वाचावी

माहिती अधिकार कायद्यात बदल होणार अशी बातमी आली, की सरकारी निवेदनावर विसंबू नये. मूळ कलम आणि नवे कलम शेजारी ठेवून कोणते शब्द गळाले ते पाहावे. विधेयकाच्या नावावरूनही अंदाज बांधू नये, कारण २०२३ मध्ये या कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले ते डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या शेवटाकडील कलम ४४(३) ने, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणाचा अवाजवी भंग होईल, हे पाहावे लागे. शिवाय जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होते. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हटले की पुरते.

त्यानंतर बदल कोणाच्या सोयीचा आहे ते तपासावे. २०१३ मध्ये माहिती नाकारल्याविरुद्धची अपिले ऐकणाऱ्या केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे या कायद्याखाली माहिती देण्यास बांधील संस्था, ठरवले आणि दोन-अडीच महिन्यांतच पक्षांना वगळणारे विधेयक लोकसभेत आले. ते संमत झाले नाही, पण पक्षांनी आयोगाचा आदेशही पाळला नाही. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला, राज्य आयुक्तांच्या बाबतीतही, आणि पाच वर्षांची मुदत नियमांनी तीनवर आली. वरवर ही आस्थापनेची बाब वाटते. पण ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, तोच मुदत ठरवणार!

हरकत घ्यायची ती विधेयक सभागृहात येण्यापूर्वी. २००६ मध्ये फाइलींवरील अधिकाऱ्यांच्या टिपण्या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने मंजूर केला होता, परंतु देशभरातील विरोध आणि आळंदीतील अण्णा हजारे यांचे उपोषण यांमुळे सरकारला माघार घ्यावी लागली.

झालेल्या बदलानंतर अर्ज करताना मात्र कलम ८(२) आवर्जून नमूद करावे, कारण नाकारण्याने जपल्या जाणाऱ्या हितापेक्षा जनहित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा तेथे अजून शाबूत आहे. ते जनहित कोणते, हे अर्जातच दोन वाक्यांत लिहावे. आणि नकार आल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करून, नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार जनमाहिती अधिकाऱ्यावर आहे, याकडे लक्ष वेधावे.