‘डिप्रेशन’ची फाइल जाड होत जाते तेव्हा : बायपोलर आणि मेलँकोलियाच्या बाबतीत या चुका टाळा

दादाच्या फाइलवर पहिली सहा वर्षं एकच शब्द होता : डिप्रेशन. दोन डॉक्टर झाले, चार प्रकारच्या गोळ्या झाल्या. तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी दादाचं ऐकून घेतलं आणि वहिनीकडे वळून विचारलं, “कमी झोपूनही हे दिवसभर टवटवीत असायचे, असं कधी झालंय का?”

“रात्री ओलिताला जावंच लागतं,” वहिनी म्हणाली. “आमच्याकडे लाइनच रात्री असते.”

“मग दुसऱ्या दिवशी झोप भरून काढायचे?”

वहिनी गप्प झाली. घरी आल्यावर तिनं माळ्यावरची जुनी कालनिर्णयं काढली. तारखेच्या चौकटीत डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब असतो. रोज सहा लिटर, सहा, साडेपाच. आणि एका मार्चमध्ये आठवडाभरात एकदम एकवीस. दादानं कर्ज काढून तीन म्हशी आणल्या होत्या, त्याच आठवड्यात. जूनमध्ये चौकट्या रिकाम्या. म्हशी विकल्या आणि दादा अंथरुणाला खिळला. तीन वर्षांनी पुन्हा तेच. त्या वेळी म्हशींऐवजी ठिबकच्या नळ्या होत्या, एवढाच फरक. म्हणजे नुसतं डिप्रेशन नव्हतं, बायपोलर होता : कधी उधाण, कधी खोल खचणं.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं ही फाइल माझ्या पिशवीत आहे आणि खालच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्या आहेत.

फक्त आजचं दुःख सांगणं

खचलेला माणूस दवाखान्यात जातो. उधाण आलेला कशाला जाईल? त्याला तर आयुष्यात पहिल्यांदा सगळं जमतंय असं वाटत असतं. म्हणून डॉक्टरांसमोर आजाराची एकच बाजू येते आणि खरं निदान व्हायला कित्येक वर्षं लागतात. निदानाच्या निकषांनुसार उन्माद म्हणजे मॅनिया किमान आठवडाभर टिकतो, किंवा थेट भरती करायची वेळ येते. त्याचं सौम्य रूप, हायपोमॅनिया, चार दिवसांचंही असू शकतं. चार दिवस कोण लक्षात ठेवतं? शिवाय ते दिवस घरच्यांना चांगलेच वाटतात. आमच्याकडे तर म्हणायचे, “पोरगा कामाला लागला बरं का.”

तेव्हा पहिल्या भेटीला जुन्या काळाचा कागद घेऊन जा : अवाजवी खरेदी, झोप कमी पण थकवा नाही, तोंडाचा पट्टा सुरू, अचानक नवा धंदा. घराण्यात कुणाला असा त्रास होता का, तेही लिहा. आमच्या एका काकांबद्दल घरात फक्त “जरा लहरी होते” एवढंच बोललं जायचं.

हा कागद का हवा? बायपोलर माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर तो उन्मादाकडे उसळू शकतो. आणि मूड स्टॅबिलायझरसोबत दिली तर? अमेरिकेत ३६६ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उसळण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण टिकाऊ सुधारणाही नकली (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा जास्त दिसली नाही. बाईंनी दादाची जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. त्या वेळी आम्ही घाबरलो होतो. (ती आपल्या मनानं मात्र बंद करायची नाही.)

“रक्तात काही आलं का?”

थायरॉईड, बी१२, साखर तपासतात ती दुसरी कारणं वगळण्यासाठी. बायपोलरची रक्तचाचणी नाही, आणि डोक्याच्या स्कॅनमध्येही तो दिसत नाही. मेलँकोलियासाठी, म्हणजे डिप्रेशनच्या एका तीव्र प्रकारासाठी, चाचणी शोधायचा प्रयत्न झाला होता. मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ मध्ये डेक्सामेथासोन चाचणी मांडली : रात्री या स्टेरॉईडची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दबलं का ते बघायचं. बऱ्याच रुग्णांत ते दबत नव्हतं. पण वजन घटलेल्या किंवा डिमेन्शिया असलेल्या माणसांतही दबत नव्हतं, त्यामुळे चाचणी रोजच्या वापरात टिकली नाही. हजारो रुपयांच्या तपासण्या करून “सगळं नॉर्मल आहे, म्हणजे मनाचे खेळ” असं ठरवू नका.

मेलँकोलियाला ‘उदास आहे’ समजणं

इथं आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. दादा पहाटे साडेतीनला जागा व्हायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. चहाची कपबशी हातात, वर साय धरलेली. पुतणीला दहावीत ९१ टक्के पडले, पेढा तोंडाशी नेला, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. एखादा प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की आपणच दुसरं बोलायला लागायचो. संध्याकाळी मात्र चार वाक्यं बोलायचा. त्यावरून शेजाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष : “सायंकाळी तर बरा असतो, नाटकं करतो.”

ही नाटकं नव्हती, ही खूण होती. पहाटे लवकर जाग, सकाळ सगळ्यात जड, आनंदाच्या बातमीनंही मन न हलणं, भूक मरणं, नसलेल्या चुकीचा अपराधभाव आणि शरीराची मंद हालचाल किंवा उलट सततची तगमग. सिडनीचे मानसोपचारतज्ज्ञ गॉर्डन पार्कर यांनी यातल्या हालचालींवर भर दिला : रुग्ण काय सांगतो याइतकंच तो कसा दिसतो, किती वेळानं बोलतो, हेही बघा. म्हणून संध्याकाळची वेळ घेऊ नका. मिळाली तर सकाळची घ्या. नाहीतर सकाळी काय अवस्था असते ते सविस्तर सांगा, किंवा घरच्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या.

अशा वेळी “मन रमव, देवळात जा, फिरून ये” हे ऐकून माणूस आणखी खचतो. फक्त काउन्सेलिंगवर वेळ घालवू नका, औषध लागतंच. आणि खाणंपिणं थांबलं असेल तर शॉकला नाही म्हणू नका. डोळ्यांपुढे सिनेमातलं दृश्य येतं, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायला बंदी आहे. मरणाची भाषा आली तर सकाळ होण्याची वाट बघू नका : जवळचं रुग्णालय गाठा, टेली-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो.

लिथियमला साधी गोळी समजणं

लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध. मेलबर्नचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम वापरल्याचा निबंध छापला. त्यांचा पहिला रुग्ण सुधारून कामावर गेला, तिथं त्यानं गोळी सोडली आणि काही महिन्यांत परत भरती झाला. पुढे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. आमच्या घरच्या दोन्ही चुका इतक्या जुन्या आहेत.

पहिली : बरं वाटलं की गोळी बंद. दादानं दिवाळीला सोडली, संक्रांतीला ट्रॅक्टर बुक केला.

दुसरी : रक्तातल्या लिथियमच्या पातळीकडे दुर्लक्ष. साधारण ०.६ ते १.० (मिलीमोल प्रतिलिटर) मध्ये ठेवतात, १.५ च्या वर धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी द्यायचं. म्हणजे रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. आम्ही वर्षभर गोळी घेऊन रक्त द्यायला जात होतो आणि आकडा कधीच जुळत नव्हता. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईड सहा महिन्यांनी.

अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते. विदर्भातला मे महिना, जुलाब, निर्जळी एकादशी, आपल्या मनानं अळणी जेवण, सगळं धोक्याचं. गुडघेदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनही तशीच, पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही पातळी वाढते, म्हणून नवी चिठ्ठी मिळाली की लिथियम चालू आहे हे आधी सांगा. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, तोल जाणं दिसलं तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

मूड स्थिर ठेवणाऱ्या इतर औषधांचंही थोडक्यात. लॅमोट्रिजिन हळूहळूच वाढवतात. अंगावर पुरळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर. चार-पाच दिवस चुकली असेल तर जुन्या डोसवर उडी मारू नका, विचारून पुन्हा सुरुवात. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तो विषय तुम्ही स्वतः काढा. त्यानं बाळात जन्मजात दोष येऊ शकतात. आमच्या मावसबहिणीला हे लग्न ठरल्यावर कळलं.

वहिनी अजून दूध लिहिते. शेजारी आता दादाच्या झोपेचे तासही असतात. सहा लिटर, सात तास. सलग दोन रात्री चारच्या खाली आकडा गेला की ती बाईंना फोन लावते. दादा चिडतो, “मी ठणठणीत आहे.” ती म्हणते, “म्हणूनच लावतेय.”