वाइल्डकॅट काडतूस: पुंगळी घडवताना या चुका टाळा

चालू काडतुसाची रिकामी पुंगळी (गोळी आणि दारू धरणारं पितळी नळकांडं) घ्यायची, तिची मान (गोळी बसते तो वरचा भाग) बारीक किंवा रुंद करायची, खांदा (मानेखालचा उतार) सरकवायचा आणि कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेलं काडतूस उभं करायचं, म्हणजे वाइल्डकॅट. यातली काही पुढे रीतसर बाजारात आली. .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसावरून झालेलं .२२-२५० अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीने १९६५ मध्ये आणलं, .३०-०६ ची मान बारीक करून झालेलं .२५-०६ त्यांनीच १९६९ मध्ये.

मुंबईतल्या नेमबाजांमध्ये याची हौसेने चर्चा होते, म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक आधी. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. घरी करून बघू, हा विचार सोडाच. पुढचं सगळं, जिथे हे कायदेशीर आहे अशा देशात जाणकाराच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी. रेंजवरच्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्यांचा यात उपयोग नाही. त्यांचा पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो, बदलायला वेगळी टोपी नसते.

आता पितळ. पुंगळीत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. थंड असताना जितकं दाबाल तितकं ते कडक होतं आणि शेवटी चिरतं. म्हणून मान मोठ्या फरकाने बदलायची असेल तर एका डायमध्ये (पुंगळी दाबून आकार देणारा साचा) उरकू नये; टप्प्याटप्प्याने जावं आणि मध्ये मान तापवून मऊ करावी. इथेच जास्त नुकसान होतं. भर उजेडात तापवलं तर रंग कळत नाही आणि पितळ लालभडक होईपर्यंत हात थांबत नाही. मग पितळेच्या आतले कण मोठे होतात आणि मान गोळी धरत नाही. बुडाला तर आच लागताच कामा नये. दाब झेलतं ते बूड, आणि मऊ पडलेलं बूड पुन्हा तापवून कडक होत नाही. पितळ पाण्यात बुडवल्यानेही कडक होत नाही, ते पोलादाचं. पाणी फक्त उष्णता बुडाकडे जाऊ देत नाही.

चीर कुठे आहे ते बघा, ती कशामुळे पडली ते तिथेच कळतं. मानेवर उभी चीर म्हणजे पितळ कडक झालेलं. बुडाच्या जरा वर आडवी चकचकीत रेघ असेल तर पुंगळी चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) ढिली बसून ताणली गेली आहे. पेपर क्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा काढा आणि आतून वर-खाली फिरवा. रेघेपाशी खाच अडकली तर ती पुंगळी मोडीत. पहिल्या बारात खांदा पुढे फुलवताना ही चूक हमखास होते.

मान बारीक केली की भिंत जाड होते, हे बरेच जण विसरतात. आतून किंवा बाहेरून पितळ काढलं नाही तर चेंबरमध्ये मानेला फुलायला जागा राहत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. खांद्यावर खळगे पडले तर डायमध्ये घालताना लावलेलं तेल जास्त झालं आहे, एवढंच.

आपल्या हवेत जपून ठेवलेल्या पितळेलाही धोका असतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ ठेवलेल्या पुंगळ्या पावसाळ्यात न वापरताच चिरायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचं ते काम. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला लावू नये. आंबट द्रावात फार वेळ ठेवली की जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग गुलाबी दिसतो. तीही टाकूनच द्यावी.

आणि शिक्का. बुडावर जुन्याच काडतुसाचं नाव राहतं. मान बदललेली पुंगळी चुकून .३०-०६ च्या डब्यात गेली तर अपघात ठरलेला. वेगळा डबा, वर ठळक नाव, आणि कोणत्या चेंबरसाठी घडवली त्याची चिठ्ठी आत.